नक्षी जपणाऱ्या ओलेनाबाई



आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत यंदा भरतकाम-वर्गातर्फे काहीतरी यावे, असे चिटणीसबाईंनी सांगितले. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. लेख लिहिण्याचा सराव नाही. परंतु गेल्या वर्षी वर्गात आपण दुसुतीवर फुलीच्या टाक्याने लाल-काळ्या गुलाबांचा टेबलक्लॉथ केला होता, तो पुष्कळजणींना आठवत असेल. ती नक्षी कोठली म्हणून चौकशी केली, तेव्हा ती युक्रेन देशाची असे समजले. माझ्या भाचीने त्या देशाविषयी बरेच वाचले आहे. तिच्याकडून ऐकता ऐकता एका बाईंचे नाव वारंवार येऊ लागले. त्यांची हकीगत मला इतकी आवडली की तीच येथे सांगावी असे ठरविले.

या बाईंचे नाव ओलेना प्चिल्का. हे त्यांनी लेखनासाठी घेतलेले नाव. प्चिल्का म्हणजे मधमाशी. खरे नाव ओल्हा, माहेरचे आडनाव द्राहोमानोव्ह आणि सासरचे कोसाच. जन्म 1849 सालचा, पोल्तावा प्रांतातील हाद्याच नावाच्या लहानशा गावी. त्या वेळी युक्रेनचा मोठा भाग रशियाच्या झारच्या अमलाखाली होता, आणि पश्चिमेकडचा भाग ऑस्ट्रियाच्या बादशहाकडे होता. घराणे जमीनजुमल्याचे, बऱ्यापैकी सुखवस्तू होते. वडील कायदा जाणणारे होते व त्यांना वाचनाची आवड होती. घरात लिहिणे-वाचणे रशियन भाषेत चाले, पण आई, दाया आणि कामाला येणाऱ्या बाया यांच्या तोंडी युक्रेनी गाणी व गोष्टी असत. मुलीच्या कानावर दोन्ही पडत गेले.

त्यांचा थोरला भाऊ मिखाइलो फार बुद्धिमान होता. त्याने 1861 साली बहिणीला कीव शहरी नेऊन मुलींच्या वसतिशाळेत घातले, आणि तेथील शिक्षण 1866 साली पुरे झाले. त्या काळी भावाने बहिणीच्या शिक्षणासाठी इतके मनावर घ्यावे हे थोडेथोडके नाही. पुढे 1868 साली भावाच्याच मित्रमंडळींतील पेत्रो कोसाच या कायद्याच्या पदवीधराशी त्यांचे लग्न झाले. कोसाच यांच्या नोकरीमुळे जोडपे व्होलिन प्रांतातील झ्व्याहेल गावी राहावयास गेले. या गावाचे नाव त्याआधीच बदलून सरकारी कागदोपत्री नोव्होहराद-व्होलिन्स्की असे चालत होते. ते 2022 साली पुन्हा झ्व्याहेल झाले आहे.

खरी गोष्ट सुरू होते ती या झ्व्याहेलला. ओलेनाबाईंचे वय तेव्हा विशी-बाविशीचे. नवे गाव, पहिला मुलगा 1869 चा आणि दुसरी मुलगी 1871 ची. अशा वेळी आपण काय करतो? दुपटी, अंगडीटोपडी आणि दुखणीखुपणी यांतच दिवस जातो. त्यांचाही जात असणारच. पण आजूबाजूच्या खेड्यांतल्या बायका ज्या सदऱ्यांवर भरत, ज्या रुमालांवर भरत, त्यांच्याकडे या बाईंचे डोळे लागले. पोल्ताव्याकडचे भरतकाम त्यांना लहानपणापासून माहीत होते. तिकडे पांढऱ्यावर पांढरे भरण्याची नाजूक रीत आहे. येथे व्होलिनमध्ये मात्र हातमागाच्या जाड तागावर लाल दोऱ्याने भरीव पट्टे भरलेले. निराळा प्रांत, निराळा टाका. सुनेला सासरच्या स्वयंपाकातला फरक पहिल्या दिवशी समजतो, तसे हे त्यांना समजले.

युक्रेनी भरतकामाविषयी थोडे सांगितले पाहिजे, नाहीतर पुढचे कळावयाचे नाही. तेथील भरलेल्या सदऱ्याला विशिवांका म्हणतात. गळा, मनगट, बाही आणि खालचा काठ येथे भरतकाम असे. जेथे कपडा संपून उघडे अंग सुरू होते, तेथे दृष्ट लागू नये, काही वाईट शिरू नये म्हणून नक्षीचा पहारा, अशी जुन्या लोकांची समजूत. दुसरी वस्तू रुश्निक. हा हातभर रुंदीचा, चांगला लांब पट्टा, दोन्ही टोकांना भरलेला. देवाच्या तसबिरीवर घालावयाचा तो रुश्निक. पाहुण्यासमोर भाकरी व मीठ ठेवावयाचे तेही रुश्निकावर. लग्नात वधूवर उभे राहतात रुश्निकावर, आणि शेवटी माणसाची शवपेटीही रुश्निकांच्या आधाराने खाली सोडतात. मुलीला मागणी घालावयास मध्यस्थ आले आणि मुलीचा होकार असला, तर ती आपल्या हातचे रुश्निक त्यांच्या अंगावर बांधते. नकार असला तर त्यांच्या हाती भोपळा देते! आपल्याकडे परीक्षेत भोपळा मिळतो, तिकडे सोयरिकीत मिळतो. रुश्निकांची पेटी भरून ठेवणे हे प्रत्येक मुलीचे काम, आणि आपल्याकडे रुखवत पाहून जसे मुलीचे हात पारखतात तसे तिकडे या पेटीवरून.

टाकेही नाना प्रकारचे. दोरे मोजून उलट्या बाजूने भरावयाचे, दोरे काढून जाळी पाडावयाची, विणल्यासारखे आडवे दोरे ओवावयाचे. कापडावर पेन्सिलीने काही काढावयाचे नाही, सारा हिशेब डोक्यात. आपल्यापैकी ज्यांनी कसुती शिकली आहे त्यांना हे लगेच उमजेल. कसुतीत जशी गोपुरे, रथ, तुळशीवृंदावन अशी नावे, तशी त्यांच्याकडेही नक्षीला नावे आहेत. ओकचे पान, द्राक्षवेल, पाइनची डहाळी, काकडी, बैलाचा डोळा. पाहणाऱ्याला नुसते चौकोन आणि तिरके पट्टे दिसतात, पण भरणारीला त्यात परसदार दिसते.

ओलेनाबाईंनी हे नमुने गोळा करावयास सुरुवात केली. भरलेल्या बाह्या, रुश्निकांची टोके, विणलेले पट्टे, तसेच ईस्टरच्या सणाला मेणाने रेघा काढून रंगवतात त्या अंड्यांवरील चित्रे. या अंड्यांना पिसान्का म्हणतात. गोळा करावयाचे म्हणजे नुसत्या वस्तू पेटीत भरावयाच्या नव्हेत. टाका मोजून तो कागदावर उतरावयाचा. एक चौकट चुकली की अख्खा पट्टा तिरपा जातो, हे आपल्या वर्गातील मुलींना सांगावयास नको. शिवाय भरलेला सदरा अंगावर झिजतो, धुण्यात विटतो, शेवटी त्याच्या चिंध्या होतात. बाई गेली की तिच्या हातचा नमुनाही जातो. कागदावर उतरला तर राहतो. हे सत्कार्य त्यांनी पदरी दोन लहान मुले असताना केले, याचे मला सर्वांत नवल वाटते.

या संग्रहाचे पुस्तक 1876 साली कीवला छापले गेले. युक्रेनी लोकनक्षी असे त्याचे नाव, आणि त्यात भरतकाम, विणकाम व पिसान्का यांचे नमुने. पुस्तकाला त्यांनी प्रस्तावना लिहिली. खेडवळ बायकांचे भरतकाम हा अभ्यासाचा विषय आहे, त्याला घडण आहे, नियम आहेत आणि वय आहे, असे या संग्रहाने शिकल्यासवरल्या लोकांना दाखविले. त्या देशात युक्रेनी नक्षीवरचे हे अगदी पहिल्या पुस्तकांपैकी एक. बाईंच्या हयातीतच त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या.

आता हेच साल, 1876, दुसऱ्या कारणानेही लक्षात ठेवावे लागते. झार दुसरा अलेक्झांडर त्या वर्षी जर्मनीतील एम्स येथे हवापालटाला गेला होता. तेथून त्याने एका गुप्त हुकुमावर सही केली. युक्रेनी भाषेत पुस्तके छापू नयेत, बाहेरून आणू नयेत, त्या भाषेत नाटके करू नयेत, गाण्याच्या स्वरलिपीखाली युक्रेनी शब्दही छापू नयेत. थोडे अपवाद होते, पण तेही नावापुरते. ओलेनाबाईंच्या भावाला आदल्याच वर्षी विद्यापीठातील नोकरीतून काढले होते. तो 1876 साली देश सोडून गेला, जिनिव्हाला राहिला, आणि 1895 साली परमुलुखात, सोफिया येथे वारला. बहिणीच्या पुस्तकाची प्रस्तावनाही रशियन भाषेतच छापावी लागली. नक्षी मात्र जशीच्या तशी छापली गेली. फुलीच्या टाक्याला कोणती भाषा म्हणावयाची, हे त्या हुकुमात लिहिलेले नव्हते.

एक मात्र मला सांगावेसे वाटते. ओलेनाबाईंची नक्षीविषयीची मते फार कडक होती. त्यांच्या मते खरी जुनी युक्रेनी नक्षी ती भूमितीच्या आकृतींची. फुलेपाने असली तरी तीही चौकोन-त्रिकोणात बसवलेली. हुबेहूब गुलाब, वेलबुट्टी, पाखरे ही बाहेरून आलेली. पुढे त्यांच्याच डोळ्यांदेखत एक गंमत झाली. मॉस्कोत ब्रोकार नावाची साबण व अत्तरे करणारी मोठी कंपनी होती. तिने स्वस्त साबणाबरोबर फुलीच्या टाक्याचे छापील नमुने देण्यास सुरुवात केली. लाल-काळे गुलाब, घड, पक्ष्यांच्या जोड्या. साबण खेडोपाडी गेला, आणि त्याबरोबर गुलाबही गेले. दोरे मोजण्याचा अवघड टाका मागे पडून सोपी फुली सगळीकडे पसरली. म्हणजे आपल्या टेबलक्लॉथवरचा गुलाब ओलेनाबाईंना मुळीच पसंत पडला नसता! पण मला विचाराल तर, साबणाच्या कागदावरचा गुलाब पाहून ज्या सासुरवाशिणीने तो हौसेने आपल्या बाहीवर उतरविला, तिचेही काही चुकले असे मी म्हणणार नाही. आज शंभरावर वर्षे लोटल्यावर तेच लाल-काळे गुलाब तेथे पिढीजात म्हणून मिरवतात. तरीसुद्धा, जुने टाके ओलेनाबाईंनी वेळेवर उतरून घेतले नसते तर निवड करावयास दुसरे काही उरलेही नसते, हेही खरे.

आता घरातील गोष्ट. ओलेनाबाईंना सहा मुले झाली. दोन मुलगे आणि चार मुली. सरकारी शाळेत गेली तर मुले मातृभाषा विसरतील, म्हणून धाकटेपणी त्यांना शाळेत न घालता त्यांनी घरीच शिकविले. शिक्षक ठेवले, पण अभ्यासाची आखणी त्यांचीच. घरात बोलावयाचे ते युक्रेनीत. मुलांच्या अंगावर शहरी झगे नव्हे, तर भरलेले सदरे. थोरला मिखाइलो आणि त्याच्या पाठची लारिसा यांचे लहानपणी खेड्यातल्या पोशाखात काढलेले छायाचित्र प्रसिद्ध आहे. मुलांना वाचावयास आपल्या भाषेत पुस्तके मिळेनात, तेव्हा आईने स्वतःच गोष्टी व कविता लिहिल्या, आणि मोठ्या मुलांना भाषांतरे करावयास बसविले. भाषेत शब्द कमी पडला तर नवा घडवीत. कला आणि विजेता या अर्थाचे जे शब्द आज युक्रेनी भाषेत सर्रास चालतात, ते त्यांनीच रूढ केले असे सांगतात.

ही लारिसा म्हणजेच पुढे साऱ्या जगात नाव झालेली कवयित्री लेस्या उक्राइन्का. दहा वर्षांची असताना लुत्स्क गावी कडाक्याच्या थंडीत नदीवरचा सणाचा सोहळा पाहता पाहता तिचे पाय गारठले आणि दुखणे लागले. ते हाडांचा क्षय निघाले. डाव्या हातावर 1883 साली शस्त्रक्रिया झाली आणि पियानो जवळजवळ सुटला. मुलगी तेरा वर्षांची असताना तिची कविता ऑस्ट्रियाकडील ल्विव्ह शहरातल्या मासिकाकडे पाठविली ती आईनेच, आणि उक्राइन्का, म्हणजे युक्रेनची मुलगी, हे नावही आईनेच सुचविले. याच लेस्याने आपल्या धाकट्या बहिणींना शिकविण्यासाठी पूर्वेकडच्या प्राचीन लोकांच्या इतिहासाचे एक पुस्तक लिहिले, ते तिच्या मृत्यूनंतर 1918 साली छापले गेले. त्यात आपल्या भारताचेही प्रकरण आहे. ऋग्वेदातील काही सूक्ते तिने युक्रेनीत आणली होती. इतक्या लांब, बर्फाच्या मुलखात, एका आजारी मुलीने ऋग्वेद उघडावा हे वाचून माझ्या अंगावर काटा आला.

आई म्हणून ओलेनाबाई सोप्या नव्हत्या. त्यांचा शब्द घरात अखेरचा असे. लेस्याने नऊ वर्षांनी लहान असलेल्या, गरीब पण गुणी अशा क्लिमेंत क्वित्का यांच्याशी 1907 साली लग्न केले, ते त्यांना बिलकूल रुचले नाही. हे क्वित्का लोकगीते गोळा करणारे. म्हणजे सासूबाई नक्षी जमविणार आणि जावई गाणी. खरे म्हटले तर दोघांचे चांगले जमावयास हवे होते. पण मुलीच्या लग्नाच्या बाबतीत शहाणपण आईच्या उपयोगी पडत नाही, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे.

बाहेरच्या कामातही त्या अशाच ठाम. नतालिया कोब्रिन्स्का या ऑस्ट्रियाकडील विदुषीबरोबर त्यांनी 1887 साली ल्विव्ह येथे बायकांनीच लिहिलेला पहिला युक्रेनी संग्रह काढला. नाव पहिली माळ. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या बायका त्यात एकत्र आल्या, आणि सोळा वर्षांची लेस्याही होती. पोल्तावा येथे 1903 साली कोत्ल्यारेव्स्की या आद्य युक्रेनी कवीच्या पुतळ्याचे अनावरण झाले. त्याच कवीच्या भाषेत तेथे बोलावयास रशियाच्या प्रजेला बंदी; ऑस्ट्रियाकडून आलेल्या पाहुण्यांना तेवढी मोकळीक. ओलेनाबाई उभ्या राहिल्या आणि युक्रेनीतच भाषण करून खाली बसल्या. वय चौपन्न. त्याच वर्षी त्यांचा थोरला मुलगा मिखाइलो, भौतिकशास्त्र शिकविणारा कर्ता मुलगा, वारला. दोन वर्षांनी, 1905 साली, भाषेवरची बंदी उठवा म्हणून शिष्टमंडळाबरोबर त्या थेट पीटर्सबर्गला मंत्र्यांकडे गेल्या.

पुढे काही वर्षे त्यांनी रिद्नी क्राय, म्हणजे मायदेश, नावाचे नियतकालिक चालविले, आणि 1908 पासून त्यालाच जोडून मुलांसाठी मोलोदा उक्रायना काढले. पदरचे पैसे घालून काढले. त्या मायदेशातील काही लिखाणात ज्यू लोकांविषयी कडवट सूर होता. स्वतःच्या लोकांवर झालेला अन्याय ज्यांना इतका टोचला, त्यांना दुसऱ्याचे दुःख तेवढे दिसले नाही, हे मला खटकले आणि म्हणून लिहिते.

पती 1909 साली गेले. लेस्याचे दुखणे वाढतच होते. ती 1913 च्या ऑगस्टमध्ये जॉर्जियातील सुरामी या डोंगरी गावी वारली, तेव्हा आई जवळ होती. बेचाळीस वर्षांची मुलगी आणि चौसष्ट वर्षांची आई. मुलीला कीवला आणून वडील व भाऊ यांच्याशेजारी बायकोव्हे स्मशानभूमीत पुरले.

त्यानंतर महायुद्ध, राज्यक्रांती आणि यादवी. झार गेला, बोल्शेविक आले. ओलेनाबाई तेव्हा हाद्याचला आपल्या जन्मगावी होत्या. तेथे 1920 साली कवी शेवचेन्को यांच्या स्मृतिदिनाचा समारंभ होता. बाईंनी कवीच्या पुतळ्याला निळा-पिवळा झेंडा गुंडाळला. अधिकाऱ्याने तो ओरबाडून काढला, तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या या बाईंनी सर्वांदेखत त्याचा मोठ्याने धिक्कार केला, आणि सभेनेही त्यांच्यामागून तोच घोष धरला. त्यांना अटक झाली. सुटल्यावर त्यांनी गाव सोडले, काही काळ नीस्टर नदीकाठी मोहिलिव्ह येथे काढला, आणि 1924 साली कीवला मुलीकडे आल्या. तेथे विज्ञान अकादमीत लोकजीवनाच्या अभ्यासाचे काम करू लागल्या, आणि 1925 साली अकादमीने त्यांना सन्मानाने सदस्य करून घेतले. पंच्याहत्तराव्या वर्षी बाई पुन्हा नक्षी, गाणी आणि चालीरीती यांची टिपणे घेऊन बसल्या.

हा निवांतपणा फार टिकला नाही. युक्रेनी लेखक व विद्वान यांची धरपकड सुरू झाली. खार्किव्ह येथे 1930 साली पंचेचाळीस जणांवर मोठा खटला चालविला गेला. त्यात लेस्याची बालमैत्रीण ल्युदमिला स्तारित्स्काही होती. ओलेनाबाईंनाही न्यावयास शिपाई घरी आले होते, परंतु म्हातारी अंथरुणावरून उठूच शकत नाही असे पाहून परत गेले, असे सांगतात. त्याच वर्षी 4 ऑक्टोबर रोजी त्यांचे देहावसान झाले. बायकोव्हेला पती, मुलगा आणि लेस्या यांच्याशेजारीच त्यांना जागा मिळाली.

मागे राहिलेल्या मुलींपैकी धाकटी इसिदोरा हिला 1937 साली पकडून छावणीत पाठविले. ती सुटून आली, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत थोरली बहीण ओल्हा व ती देश सोडून पश्चिमेकडे गेल्या. ओल्हा 1945 साली जर्मनीत वारली. इसिदोरा अमेरिकेस पोहोचली आणि 1980 सालापर्यंत जगली. आईच्या आणि लेस्याच्या आठवणी तिने लिहून ठेवल्या. कोलोद्याझ्ने गावी कोसाच कुटुंबाचे जे घर होते तेथे 1949 पासून संग्रहालय आहे. झ्व्याहेलच्या ज्या बायकांच्या बाह्यांवरून ओलेनाबाईंनी नमुने उतरविले त्यांची नावे कोणी ठेवली नाहीत. त्यांची नक्षी मात्र अजून भरली जाते, आणि मे महिन्याच्या तिसऱ्या गुरुवारी युक्रेनचे लोक, देशात असोत की परदेशात, विशिवांका घालून कामावर जातात. ही प्रथा एका विद्यार्थिनीने 2006 साली सुरू केली.

आपल्या वर्गात येत्या सत्रात गुलाबाऐवजी व्होलिनचा लाल पट्टा घ्यावयाचा आहे. दुसुती आणि लाल दोरा मंडळात मिळेल. चष्मा ज्याचा त्याने आणावा.